शीर बंद केली, मग रक्त जातं कुठून?

प्रश्न : सव्वीस वर्षं फळ्यासमोर उभी राहून शिकवते आहे. डाव्या पोटरीवर हिरव्यानिळ्या, वेड्यावाकड्या शिरा फुगल्या आहेत. संध्याकाळी पाय जड होतो, घोट्यावर मोज्याचा वळ उमटतो. डॉक्टर म्हणतात, लेझरने शीर बंद करू, घरी चालत जाल. पण शीर बंद केली तर तिच्यातून जाणारं रक्त जाणार कुठून? आणि हे सगळं उभं राहिल्यामुळेच झालं का?
– प्राथमिक शिक्षिका, सांगली जिल्हा

उत्तर : बाई, खर्च किती, टाके किती, भूल कुठली, हे सगळेच विचारतात. रक्ताच्या पुढच्या प्रवासाची चौकशी करणारे फार थोडे. म्हणून आधी त्याचंच उत्तर देतो.

पायातलं रक्त हृदयाकडे परत नेणाऱ्या शिरा दोन थरांत असतात. एक थर खोल, स्नायूंच्या आत. पायातलं सुमारे ९० टक्के रक्त याच वाटेने वर जातं. दुसरा थर कातडीच्या लगेच खाली. खोल शिरा हा महामार्ग धरला, तर कातडीखालच्या शिरा म्हणजे त्याच्या कडेचा सर्व्हिस रोड. यातली मुख्य शीर घोट्याच्या आतल्या बाजूने निघते, पोटरी-मांडीवरून चढते आणि जांघेत खोल शिरेला मिळते. शरीरातली सगळ्यात लांब शीर हीच. दोन्ही थरांना मधेमधे जोडणाऱ्या आखूड शिराही असतात.

आता अडचण अशी की हा सगळा प्रवास चढाचा आहे. हृदयाने मारलेला जोर धमन्यांतून आणि केसासारख्या बारीक वाहिन्यांतून येता येता जवळजवळ संपलेला असतो. तुम्ही स्तब्ध उभ्या असता तेव्हा हृदयापासून घोट्यापर्यंतच्या रक्ताच्या उभ्या स्तंभाचं वजन पावलातल्या शिरांवर पडतं. तिथला दाब पाऱ्याचे ८० ते ९० मिलिमीटर इतका होतो. रक्तदाब मोजतात तेच हे माप. मग रक्त वर चढवतं कोण? पोटरी. प्रत्येक पावलाला पोटरीचे स्नायू आवळतात आणि आतल्या शिरा पिळतात. पिळलेलं रक्त खाली यायला बघतं, पण शिरांमध्ये ठरावीक अंतरावर दोन पाकळ्यांच्या झडपा असतात आणि त्या फक्त वरच्या दिशेने उघडतात. पायऱ्या-पायऱ्यांनी रक्त वर जातं. निरोगी माणूस दहाएक पावलं चालला की पावलातल्या शिरांचा दाब तिसऱ्या हिश्श्यावर येतो.

या झडपांचा प्रयोग तुम्ही वर्गात करून दाखवू शकता. ज्याच्या हातावरच्या शिरा ठळक दिसतात असा एखादा सडपातळ सहकारी गाठा. त्याला हात खाली सोडायला सांगा. मनगटाकडून कोपराकडे जाणाऱ्या एखाद्या शिरेच्या खालच्या टोकाला एक बोट दाबून ठेवा. दुसऱ्या बोटाने तिथपासून कोपराच्या दिशेने शीर निपटत न्या आणि हे दुसरं बोट उचला. वरच्या झडपेपर्यंत शीर रिकामीच राहते, वरचं रक्त खाली येत नाही. पहिलं बोट उचललं की मात्र खालून झटकन भरते. विल्यम हार्वे या इंग्रज डॉक्टराने १६२८ सालच्या आपल्या पुस्तकात याच प्रयोगाची आकृती छापली आणि रक्त शरीरात गोल फिरतं हे मांडताना तिचा आधार घेतला. गंमत म्हणजे झडपांचं तपशीलवार वर्णन त्याच्या आधी पादुआत त्याचे गुरू फॅब्रिसियस यांनी केलं होतं. पण रक्त खाली जोरात धावू नये म्हणून त्या असाव्यात, एवढ्यावरच ते थांबले.

तुमच्या डाव्या पायात बिघडल्या आहेत त्या याच झडपा, बहुधा जांघेजवळच्या. तिथली झडप गळकी झाली की खोल शिरेतून वर चढलेलं रक्त कातडीखालच्या शिरेत शिरतं आणि उलटं खाली उतरतं. त्या भाराने शीर रुंदावते. रुंदावल्यामुळे खालच्या झडपेच्या पाकळ्या एकमेकींना टेकेनाशा होतात, मग तीही गळते. पोटरीपर्यंत आलेलं रक्त जोडशिरांतून पुन्हा खोल शिरेत जातं, पुन्हा वर चढतं, पुन्हा जांघेत गळतं. तेच रक्त त्याच चकरा मारत राहतं.

म्हणजे डॉक्टर जी शीर बंद करणार आहेत, ती तुम्ही उभ्या असताना रक्त वर नेतच नव्हती, खाली आणत होती. ती बंद झाली की खोल शिरांचं काम वाढत नाही, उलट हलकं होतं. यावर विश्वास बसत नसेल तर ओळखीत हृदयाची बायपास झालेलं कुणी असेल त्याची पोटरी बघा. रेने फावालोरो यांनी १९६७ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँडला पायातली हीच लांब शीर काढून हृदयासाठी वापरायची पद्धत रुजवली. तेव्हापासून जगभर लाखो लोकांच्या पायातून ती काढली गेली आहे आणि ते व्यवस्थित चालतात.

पण एक अपवाद आहे, आणि तो महत्त्वाचा आहे. पूर्वी कधी खोल शिरेत गुठळी होऊन ती वाट तुंबलेली असेल, तर फुगलेली वरची शीर हीच रक्ताची पर्यायी वाट असू शकते. ती बंद करणं म्हणजे पायाशी वैर. म्हणून कलर डॉप्लर सोनोग्राफीशिवाय, आणि तीही उभं राहून केलेली असल्याशिवाय, लेझरला होकार देऊ नका. त्यात दोन गोष्टी बघतात : खोल शिरा मोकळ्या आहेत का, आणि वरच्या शिरेत रक्त अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ उलटं वाहतं का.

उपचारांची गोष्ट जुनी आहे. रोमन सेनापती मारियस याने भूल नसलेल्या त्या काळात, स्वतःला बांधून न घेता, एका पायाच्या शिरा कापून घेतल्या. दुसऱ्या पायाची वेळ आली तेव्हा मात्र त्याने नकार दिला. हा इलाज एवढ्या वेदनांच्या तोलाचा नाही, असं त्याचं मत झाल्याचं प्लुटार्कने लिहून ठेवलं आहे. विसाव्या शतकात जांघेत आणि घोट्याजवळ छेद घेऊन आख्खी शीर तारेवर ओढून काढत. आता सोनोग्राफीत बघत शिरेत सुईवाटे लेझरचा तंतू किंवा रेडिओलहरींची नळी सरकवतात, भोवती बधिर करणारं पातळ औषध भरतात आणि शीर आतून भाजत मागे येतात. रेडिओलहरींच्या नळीचं टोक १२० अंश सेल्सिअसपर्यंत तापतं. शिरेच्या भिंती चिकटतात आणि पुढच्या काही महिन्यांत तिचा बारीक तंतू उरतो. दुसरा मार्ग औषधाचा फेस करून टोचण्याचा, तिसरा वैद्यकीय गोंदाचा. ब्रिटनच्या २०१३ च्या सरकारी मार्गदर्शक सूचनांत क्रम असा आहे : आधी उष्णतेने बंद करणं, ते जमण्यासारखं नसेल तर फेस, तेही नसेल तर कापणं. नंतर मांडीवर काळंनिळं पडतं, काहींना घोट्याजवळ काही दिवस बधिर वाटतं. आणि काही वर्षांनी दुसरीच शीर फुगू शकते. हे आधी न सांगणाऱ्याकडे जाऊ नये.

राहिला उभं राहण्याचा प्रश्न. त्याने भर पडते, पण दोष एकट्या फळ्याला देता येत नाही. घराण्याचा वाटा मोठा असतो. एका फ्रेंच अभ्यासात आई आणि वडील दोघांनाही हा त्रास असलेल्या मुलांपैकी ९० टक्के मुलांत तो सापडला. वय, वजन, बाळंतपणं यांचाही हात असतो. हा बायकांचाच आजार, ही समजूतही तपासून घ्यायला हवी. एडिंबरामध्ये १८ ते ६४ वयाच्या लोकांची पाहणी झाली, तेव्हा पुरुषांत ४० टक्के आणि स्त्रियांत ३२ टक्के प्रमाण निघालं. पुरुष दाखवायला जात नाहीत, एवढंच. तुमच्यासाठी वाईट आहे ते खिळून उभं राहणं. बाकांमधून फिरत शिकवा. फिरणं शक्य नसेल तर टाचा उचलत राहा.

शेवटचं, थोडं परखड. चौकाचौकात लेझरचे फलक लागले आहेत. कोळ्याच्या जाळ्यागत दिसणाऱ्या बारीक लाल-जांभळ्या रेघा हा रूपाचा प्रश्न आहे, आरोग्याचा सहसा नाही. दुखणं, सूज, खाज, कातडी काळवंडणं यांपैकी काहीच नसेल तर घाई नको. तुम्हाला त्रास आहे, म्हणून तुमच्या डॉक्टरांचा सल्ला योग्य वाटतो.

प्रश्न : वय ४४. चालताना उजव्या पोटरीत गोळा येतो, थांबलं की जातो. मेडिकलवाल्याने शिरांचा आजार सांगून घट्ट मोजे दिले. ते घातल्यापासून पाय जास्त दुखतो. बिडी ओढतो, खोटं कशाला बोलू.
– यंत्रमाग कामगार, इचलकरंजी

उत्तर : मोजे आजच काढून ठेवा. तुम्ही लिहिलेलं लक्षण शिरेचं वाटत नाही, धमनीचं वाटतं, आणि या दोन्हींचे उपचार एकमेकांच्या उलट आहेत.

शीर बिघडली की गेलेलं रक्त परत फिरत नाही. पाय संध्याकाळी जड होतो, चालल्यावर किंवा उशीवर उंच ठेवल्यावर बरं वाटतं. धमनी अरुंद झाली की रक्त पोचतच नाही. बसून असताना भागतं, पण चालताना पोटरीचा स्नायू रक्त मागतो आणि ते मिळत नाही, म्हणून ठरावीक अंतरावर गोळा येतो आणि दोन-चार मिनिटं थांबलं की जातो. आजार वाढला की रात्री पडल्यापडल्याही पावलं ठणकतात. असा माणूस पाय खाटेखाली लोंबकळत सोडतो, कारण तेवढ्यानेच थोडं रक्त खाली उतरतं. अशा पायावर घट्ट मोजा चढवला, तर पोचणारं थोडकं रक्तही अडतं.

याची पहिली तपासणी स्वस्त आहे. घोट्यावरचा रक्तदाब भागिले दंडावरचा रक्तदाब. उत्तर एकच्या आसपास यायला हवं. ०.९ किंवा त्याहून कमी म्हणजे धमनी अरुंद. ०.५ च्या खाली असेल तर घट्ट मोजे आणि पट्ट्या वर्ज्य. मधुमेह्यांमध्ये धमन्या कडक झाल्याने हा आकडा फसवा, खोटा चांगला येऊ शकतो. त्यांना पुढच्या तपासण्या लागतात.

तुमचं वय आणि बिडी पाहता आणखी एका आजाराची शंका घ्यावी लागेल. लिओ ब्युर्गर यांनी १९०८ मध्ये त्याचं वर्णन केलं म्हणून तो त्यांच्या नावाने ओळखला जातो. पन्नाशीच्या आतले, तंबाखूच्या आहारी गेलेले पुरुष हे त्याचं ठरलेलं गिऱ्हाईक, आणि आपल्याकडे बिडी ओढणाऱ्यांत तो नेहमी दिसतो. हातापायांच्या बारीक धमन्या सुजतात, गुठळ्यांनी बंद होतात, बोटं काळी पडतात. मग एक बोट, पुढे पाऊल कापावं लागतं. यावर औषधं आहेत, शस्त्रक्रियाही आहेत, पण तंबाखू चालू असेल तर त्यातलं काहीही टिकत नाही. पूर्ण सोडणाऱ्याचा पाय बहुतेकदा वाचतो. कमी करून भागत नाही, आणि बिडी सोडून मळलेली तंबाखू किंवा मिश्री धरली तर सोडल्यात जमा नाही. जिल्हा रुग्णालयात किंवा मेडिकल कॉलेजात शल्यचिकित्सकांना याच आठवड्यात दाखवा. बोट काळं-निळं पडलं, पाऊल अचानक गार आणि बधिर झालं, तर आठवडासुद्धा थांबू नका, त्याच दिवशी जा.

प्रश्न : सासऱ्यांच्या घोट्याच्या आतल्या बाजूला दीड वर्षापासून जखम आहे. नाना मलमं झाली. भरते, पुन्हा उघडते. साखर नाही.
– गृहिणी, चिपळूण

उत्तर : जागा तुम्ही अचूक लिहिलीत. घोट्याच्या आतल्या बाजूला, आणि मधुमेह नाही. अशी जखम बहुतेक वेळा शिरांमुळे झालेली असते. वर्षानुवर्षं दाब वाढलेला राहिला की बारीक वाहिन्यांतून रक्तातला द्रव आणि तांबड्या पेशी बाहेर झिरपतात. पेशींतलं लोह कातडीत साचून काळपट तपकिरी डाग पडतात. कातडी कडक आणि नाजूक होते. मग काट्याचं किंवा नखाचं निमित्त पुरतं.

आपल्याकडे सगळा भर मलमावर असतो. पण मलम वरून, आणि रोगाचं मूळ आतल्या दाबात. उलट या रुग्णांच्या कातडीला मलमांतल्या औषधांचीच अॅलर्जी फार लवकर होते आणि भोवताली नवा इसब उठतो. जंतुसंसर्गाची लक्षणं नसताना प्रतिजैविकांच्या गोळ्यांचाही उपयोग नसतो.

उपयोग होतो तो पट्टीच्या दाबाचा. आधी धमनीचं माप, वर इचलकरंजीच्या उत्तरात दिलं आहे ते. ते ठीक असेल तर पावलापासून गुडघ्याखालपर्यंत थरांची पट्टी बांधतात, घोट्याशी सुमारे ४० मिलिमीटर दाब येईल अशी. ही बांधणं हे कौशल्याचं काम आहे; सैल बांधली तर वाया, आवळली तर कातडी मरते. शिकलेल्या हातांनीच बांधून घ्या. पूर्वी आधी जखम भरू दे, मग शिरेचं बघू, असं म्हणत. ब्रिटनमध्ये ४५० रुग्णांवर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीने ते उलटवलं : पट्टीबरोबर शीर लगेच बंद केलेल्यांची जखम साधारण ५६ दिवसांत भरली, थांबलेल्यांची ८२ दिवसांत. म्हणून डॉप्लर आत्ताच करून घ्या. दीड वर्षं न भरलेल्या जखमेच्या कडेचा तुकडाही एकदा तपासायला पाठवावा, कारण क्वचित अशा जागी कर्करोग निघतो.

प्रश्न : मुलीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला जायचं आहे. वय ६३. विमानात बसून पायात गुठळी होते असं ऐकलं. मैत्रीण म्हणते, आदल्या रात्रीपासून अॅस्पिरिन घे.
– निवृत्त बँक कर्मचारी, डोंबिवली

उत्तर : मैत्रिणीची गोळी मैत्रिणीलाच राहू द्या. केवळ प्रवासापुरती अॅस्पिरिन घेण्याचा सल्ला मार्गदर्शक सूचना देत नाहीत, आणि पोटातून रक्तस्राव व्हायचा धोका असतोच.

जागतिक आरोग्य संघटनेने या प्रश्नावर संशोधन करून २००७ मध्ये निष्कर्ष दिला. चार तासांहून जास्त प्रवासाने गुठळीचा धोका साधारण दुप्पट होतो, पण तरीही तो सहा हजारांत एक एवढाच राहतो. आणि दोष विमानाचा नाही, एका जागी बसण्याचा आहे. मुंबई-नागपूर रात्रीच्या खाजगी बसलाही हेच लागू, पण बसमध्ये त्याची धास्ती कुणी घेत नाही. शक्य तर मार्गिकेजवळची जागा घ्या, तासा-दीड तासाने उठा, बसल्या जागी पावलं वर-खाली करत राहा. झोपेची गोळी घेऊन पाय दुमडून सहा तास पडू नका. पूर्वी गुठळी झाली असेल, कर्करोगावर उपचार चालू असतील किंवा नुकतीच मोठी शस्त्रक्रिया झाली असेल, तर डॉक्टरांना विचारून पायाच्या मापाचे घट्ट मोजे किंवा इंजेक्शन ठरवा.

पोचल्यावर पुढचे काही आठवडे एक गोष्ट ध्यानात ठेवा. एकच पाय सुजला, पोटरी दुखरी आणि गरम झाली, तर तेल लावून चोळू नका. तडक डॉप्लर. गुठळी सुटून फुप्फुसात गेली की अचानक धाप लागते, छातीत कळ येते, खोकल्यातून रक्त पडतं. तिथे एकेक तास मोलाचा. गुठळी निघालीच तर रक्त पातळ ठेवणारी औषधं किमान तीन महिने चालतात. त्यातलं जुनं वॉरफरिन. अमेरिकेत सडलेला चारा खाऊन गुरं रक्तस्रावाने मरत, त्या शोधातून ते निघालं आणि १९४८ पासून आधी उंदीर मारायला विकलं गेलं. हे औषध घेणाऱ्यांनी मेथी-पालक बंद करायची गरज नाही, प्रमाण रोज साधारण सारखं ठेवावं. नव्या औषधांना तेवढंही बंधन नाही.

आणि मुलीविषयी, न विचारता. बाळंतपणानंतरचे सहा आठवडे गुठळीचा धोका सर्वांत जास्त. आपला सव्वा महिना जवळपास तोच काळ. शेक-शेगडी, डिंकाचे लाडू खुशाल होऊ द्या, पण बाळंतिणीला पलंगावर जखडू नका. घरातल्या घरात फिरू द्या, पाणी भरपूर प्यायला द्या. गरोदरपणात फुगलेल्या शिरा पुढच्या काही महिन्यांत बऱ्याचशा आपोआप ओसरतात, त्यावर तिथे लगेच काही करून घेऊ नये.

प्रश्न : साडीच्या दुकानात नऊ तास उभी असते. स्टूल आहे, पण गिऱ्हाईक नसलं तरी बसू देत नाहीत.
– विक्रेती, दादर

उत्तर : याचं औषध माझ्याकडे नाही, पण केरळमध्ये निघालं. तिथल्या कापडदुकानांतल्या बायकांनी बसण्याच्या हक्कासाठी लढा दिला आणि २०१८ मध्ये राज्याने दुकानांच्या कायद्यात बसायच्या सोयीची तरतूद केली. तामिळनाडूने २०२१ मध्ये तसंच केलं. कारखान्यांसाठी तर ही सोय १९४८ च्या कायद्यातच, कलम ४४ मध्ये केली होती. तुमच्या दुकानात तशी सोय होईतोवर मापाचे घट्ट मोजे सकाळी अंथरुणातून उतरण्याआधी घालायचे, रात्री काढायचे. मे महिन्यात मुंबईत ते सहन होत नाहीत हे मान्य. निदान गुडघ्यापर्यंतचे तरी घाला.

प्रश्न : वडिलांच्या फुगलेल्या शिरेला आंघोळीत खरचटलं आणि रक्ताची चिळकांडी उडाली. गुडघ्यावर रुमाल आवळून बांधला, तरी थांबेना. काय करायला हवं होतं?
– वाचक, नांदेड

उत्तर : रुमालानेच वाढलं. वर बांधलं की शिरेतलं रक्त वर जायची वाट बंद होते आणि ते भोकातून बाहेर येतं. माणसाला जिथे असेल तिथे आडवं करा, पाय भिंतीला किंवा खुर्चीवर उंच टेकवा, स्वच्छ कापडाची घडी थेट त्या जागी ठेवून दहा मिनिटं न उचलता दाबा. उभं किंवा खुर्चीत बसवून ठेवलं तर बरंच रक्त जाऊ शकतं. एकट्या राहणाऱ्या वृद्धांचे याने जीवही गेले आहेत. थांबल्यावर पट्टी बांधून त्याच दिवशी दवाखान्यात न्या, आणि ती शीर बंद करून घेण्याचं ठरवूनच परत या. त्याच जागेतून पुन्हा रक्त येण्याची शक्यता बरीच असते.